उलटे की सुलटे

मंगळवार, १९ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, मनातलं रोज कागदावर काढत जा, रक्तदाब उतरेल. ड्वेनने लगेच दुकानातून ही वही आणून दिली. नवरा एरवी दूध आणायला सांगितलं तरी विसरतो, पण माझ्या रक्तदाबाच्या बाबतीत फार तत्पर. तर मनातलं एवढंच आहे, की शाळेत विज्ञानाचा एक नवा मास्तर आलाय, कॅलब फेन नावाचा, आणि मला तो आवडलेला नाही.

कारण विचारलं तर सांगता येत नाही. बोलतो गोड. तिशीचा असेल. ओहायो राज्यातून आलाय. आज बसच्या आवारात येऊन माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाला, "तुम्हीच त्या उलटे-सुलटेवाल्या ना? तुमच्याबद्दल फार ऐकलंय." ऐकलंय तर ऐकलंय. त्यात एवढं दात काढायला काय झालं.

सव्वीस वर्षं मी नऊ नंबरची बस चालवते, प्लँक रोडवरून. बर्फाची चिन्हं दिसली की पोरं उतरताना विचारतात, "मिस नॅडीन, आज उलटे की सुलटे?" रात्रीचे कपडे उलटे घालून झोपलं की दुसऱ्या दिवशी बर्फाची सुट्टी मिळते, हे इथल्या प्रत्येक पोराला पाळण्यातच कळतं. पण ते कोणत्या रात्री घालायचे, हे मी सांगते. मी उलटे म्हटलं की शाळा बंद. सव्वीस वर्षांत चारदा चुकले. पहाटे पावणेपाचला आमच्या सगळ्या शाळांच्या प्रमुख प्रुइटबाई मलाच फोन करतात आणि हेच विचारतात, पोरांसारखंच. दुसऱ्या गावच्या शाळाप्रमुखांना रेडिओवाले सांगतात. आमच्या प्रुइटबाईंना मी सांगते.

बुधवार, ४ डिसेंबर

फेनने इंटरनेटवर एक पान काढलंय. रोज दुपारी एकला त्यावर आकडा येतो, उद्या शाळा बंद राहण्याची शक्यता इतके टक्के. गावाजवळच्या सरोवराच्या पाण्याचं तापमान, वारा, ढगांची उंची, काय काय म्हणे त्यात घालतो आणि यंत्र हिशेब करून देतं.

आज पोरं उतरताना कुणी विचारलंच नाही. सगळी आपापल्या फोनमध्ये. फक्त ट्रूडीने विचारलं. पहिलीतली आहे, तिच्याकडे फोन नाही. मी तिला सुलटे म्हणून सांगितलं, तर मागून एक मोठी मुलगी ओरडली, "पाच टक्के!" म्हणजे तेच की. मी सांगितलं तेच. पण पाच टक्के म्हटल्यावर बसभर खी खी झाली आणि माझं सुलटे कुणाच्या कानावरही गेलं नाही.

गुरुवार, १२ डिसेंबर

कहर झाला. डॉटच्या खाणावळीत गल्ल्याच्या मागे लाकडाची एक पाटी असायची, त्यावर रंगवलेला पायजमा. मी सांगेन तसा डॉट तो उलटा किंवा सुलटा फिरवायची. आज सकाळी कॉफीला गेले तर पाटी नाही. तिच्या जागी खडूने लिहिलेला आकडा. सत्तर.

मी डॉटला म्हटलं, पाटी कुठे गेली. तर म्हणते, "अगं, खिळा सैल झाला होता. आणि गिऱ्हाईकं आकडाच विचारतात गं हल्ली." खिळा सैल झाला म्हणे. सव्वीस वर्षं नाही झाला.

शाळा बंद राहिली. मीही काल उलटेच सांगितलं होतं. पण दिवसभर जो भेटला तो फेनचं नाव घेऊन गेला. चर्चचे फादरसुद्धा म्हणाले, हुशार माणूस आहे हं. मी म्हटलं, आहे ना. आणखी काय म्हणणार. जेवताना ड्वेन एका हातात काटा आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन बसला होता. मी विचारलं नाही काय बघतोस. मला दिसत होतं.

गुरुवार, ९ जानेवारी

फेन घरी आला होता. ॲपल पाय घेऊन, तोही स्वतः भाजलेला. ड्वेनने दोन तुकडे खाल्ले, मी चाखला नाही. नंतर फ्रिजपाशी उभी राहून खाल्ला. बरा होता.

त्याला विचारायचं होतं, मला कळतं कसं. त्याच्या यंत्राला म्हणे एक गोष्ट पकडता येत नाही. बर्फ सरोवरावरून पट्टा होऊन येतो, आठ-दहा मैलांचा. पट्ट्यात सापडलात तर दाराबाहेरचं दिसत नाही आणि पट्ट्याबाहेर तुम्ही उन्हात कपडे वाळत घाला. तो पट्टा नेमका कुठे बसेल, आपल्या प्लँक रोडवर की दक्षिणेच्या गावांवर, तिथेच त्याचे टक्के लटपटतात. "तिथे तुम्ही कधी चुकत नाही," म्हणाला. "आपण दोघं मिळून करूया का?"

मिळून म्हणे. म्हणजे मी सांगायचं आणि आकडा याच्या नावावर. मी म्हटलं, माझा गुडघा दुखतो. त्याने वहीत लिहून घेतलं. आणि वर विचारलं, कोणता. मी म्हटलं डावा. तेही लिहिलं.

तो गेल्यावर ड्वेन म्हणाला, "अगं, सांगायचं ना त्याला, बिचारा मनापासून विचारत होता." बिचारा. मी सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. गुडघ्याचं काही नाही. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून चीजच्या कारखान्याचा धूर दिसतो. धूर दफनभूमीकडे झुकला की पट्टा दक्षिणेला जातो. पाण्याच्या टाकीकडे सरकू लागला की समजायचं, पाच-सहा तासांत आपल्यावर. इतकंच आहे. पण ते मी एकटीने शोधलंय, सव्वीस वर्षं भांडी घासता घासता, आणि ते माझं आहे.

गुरुवार, १६ जानेवारी

चुकले. काल पोरांना उलटे सांगितलं, बसमधल्या सगळ्यांना, मोठ्याने, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. फेनचा आकडा पंधरा होता, म्हणून जास्तच मोठ्याने. धुराकडे नीट बघितलंच नव्हतं. आज लख्ख ऊन. पोरं बसमध्ये चढली ती तोंडं पाडून. एकीच्या स्वेटरखालून उलट्या पायजम्याची शिवण दिसत होती. ट्रूडी म्हणाली, "असू दे मिस नॅडीन, होतं असं." सहा वर्षांची पोर मला समजावते.

पहाटे प्रुइटबाईंनाही मी बंद ठेवा म्हटलं होतं. त्यांनी उघडी ठेवली. म्हणजे त्यांनी आधी त्याला विचारलं होतं. हे मी कुणाला विचारलेलं नाही, मला कळलं.

फेन आवारात भेटला. काही बोलला नाही, हात वर करून गेला. बोलला असता तर बरं झालं असतं, मला काहीतरी ऐकवता आलं असतं.

शनिवार, १८ जानेवारी

डॉटच्या खाणावळीत गेले नाही. घरीच कॉफी केली. पाणचट झाली.

सोमवार, २७ जानेवारी

दुपारी पोरांना सोडताना ट्रूडीने विचारलं, उलटे की सुलटे. मी म्हटलं, "तुझ्या फेनसरांना विचार." ती म्हणाली, ते माझे सर नाहीत, मोठ्यांचे आहेत. मी दार लावून घेतलं.

फेनचा आकडा दहा. रेडिओवालेही म्हणतात पट्टा दक्षिणेला राहणार. भांडी घासताना धूर दफनभूमीवरच होता. म्हणजे होता तिथे, पण दुपारपेक्षा दोन घरं इकडे आला होता. दोन घरं म्हणजे काही फार नाही. सव्वीस वर्षांत असं कितीदा झालं असेल.

ब्लँकेटं कधीपासून बसमध्ये नेऊन ठेवायची होती, ती पिशवीत भरली. अकरा आहेत.

मंगळवार, २८ जानेवारी, सकाळ

पहाटे फोन आला. प्रुइटबाई म्हणाल्या, "फेन म्हणतो दहा टक्के. तुझं काय, नॅडीन?" मी म्हटलं, "मी काय सांगणार, त्याच्याकडे यंत्र आहे." त्या म्हणाल्या, "बरं, मग उघडी ठेवते."

धूर शाळेच्या छपरावर आला होता, म्हणजे टाकीच्या अर्ध्या वाटेवर. बाहेर तारे दिसत होते. अजून काही सांगता येत नाही.

बर्फात घसरू नये म्हणून चाकांना साखळ्या चढवून घेतल्या. डिझेलची टाकी अर्धी होती, ती भरून घेतली. दोन थर्मास गरम चॉकलेट केलं आणि खारी बिस्किटं. उगाच. थंडी आहे ना. हे शाळेच्या आवारात बसून लिहितेय, पोरं आत गेलीत. ऊन पडलंय. एक वाजेपर्यंत काही झालं नाही तर तो बरोबर आणि मी पुन्हा वेडी ठरणार. आणि झालं तर सगळ्यांना कळेल.

गुरुवार, ३० जानेवारी

काल लिहिता आलं नाही.

मंगळवारी दीडला शाळा सुटली तेव्हा आभाळ निळं होतं. पावणेदोनला प्लँक रोडच्या वळणावर पट्टा आला. समोर भिंत उभी राहावी तसा. बसचं नाकसुद्धा दिसेना. मी कडेला घेतली, दिवे लावले, इंजिन चालू ठेवलं. पोरं अकरा होती. प्रत्येकाला एक ब्लँकेट, प्रत्येकाला अर्धा कप चॉकलेट. गाणी म्हटली. सहा तास. मग अग्निशमनवाले बर्फावरच्या गाड्या घेऊन आले. कुणाला साधी सर्दीही झाली नाही.

चार नंबरची बस ओढ्यात घसरली. साखळ्या नव्हत्या. जोली चालवत होती, तिचं हे पहिलंच वर्ष. त्यांच्याकडे ब्लँकेटं नव्हती, डिझेल संपलं आणि बस थंड पडली. साडेपाच तास. मंगळवारी ट्रूडी आजीकडे जाते, म्हणून दुपारी ती चार नंबरात असते. तिचं खांद्याजवळचं हाड मोडलंय आणि दोन्ही पायांची बोटं गोठली होती. बोटं वाचतील म्हणतात.

ती मंगळवारी चार नंबरात असते हे मला माहीत होतं.

रविवार, २ फेब्रुवारी

वर्तमानपत्रात माझा फोटो आलाय. अनुभवी नॅडीन लव्हेर यांच्या प्रसंगावधानाने अकरा मुलं सुखरूप. ड्वेनने तो फ्रिजवर लावला. चर्चमध्ये सगळे उभे राहिले माझ्यासाठी. ट्रूडीची आजी येऊन गळ्यात पडली आणि म्हणाली, तिच्या बसवर तुम्ही असतात तर.

डॉटने पाटी पुन्हा लावली. आकडा पुसला. प्रुइटबाई म्हणाल्या, यापुढे फक्त तुलाच विचारणार. फेनने पान बंद केलं आणि शेवटी लिहिलं म्हणे, माझी चूक झाली, मी क्षमा मागतो. अकरा तारखेला शाळामंडळाची सभा आहे. त्याची नोकरी अजून कच्ची आहे, पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही ते त्यात ठरणार. लोक म्हणतात, घालवाच त्याला.

मला जे जे हवं होतं ते सगळं झालं. फोटो फ्रिजवर आहे म्हणून दूध ड्वेनला काढायला सांगते.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

फेन गराजात आला. मी बस झाडत होते. दाढी वाढली होती. बसच्या पायरीवर उभा राहिला, आत आला नाही.

म्हणाला, "नॅडीनबाई, ब्लँकेटं तुम्ही कधी ठेवलीत?"

मी म्हटलं, आधीपासूनच होती.

"जोली म्हणाली मंगळवारी सकाळी तुम्ही पिशवी आणलीत. साखळ्याही त्याच सकाळी चढवल्यात. टाकी अर्धी असताना भरलीत. ऊन पडलं होतं."

मी झाडत राहिले. मला वाटलं आता ओरडेल. ओरडला असता तर मीही ओरडले असते, तयारच होते. पण तो हळूच बोलला. "मी चुकलो. तुम्ही चुकला नव्हता."

मग गेला. अख्खा हिवाळाभर मला हेच वाक्य त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. रात्री अंथरुणात पडून मी ते त्याच्याकडून वदवून घ्यायचे, सगळ्या गावासमोर, कधी डॉटच्या खाणावळीत, कधी चर्चच्या दारात. आज त्याने म्हटलं, तर मी उरलेली बस न झाडताच घरी आले.

सोमवार, १० फेब्रुवारी

ड्वेनला सांगितलं. मला वाटलं समजूत घालेल, तूही कुठे नक्की सांगू शकत होतीस, असं काहीतरी म्हणेल. त्याने टीव्ही बंद केला आणि विचारलं, "ती पोर त्या बसमध्ये असते हे माहीत होतं तुला?" मी हो म्हटलं. तो उठून अंगणातला बर्फ काढायला गेला. अंगणात बर्फ नव्हता, सकाळीच काढला होता.

मी सांगितलं नाही तरी फेन सांगणार नाही, हे मला कळतंय. तसा माणूसच नाही तो. त्याचाही मला राग येतो.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सभा शाळेच्या व्यायामशाळेत झाली, खुर्च्या पुरल्या नाहीत. एकामागून एक उठून फेनला बोलत होते. ओहायोचा माणूस, त्याला आमचं सरोवर काय कळणार. यंत्रावर पोरांचा जीव टांगला. तो पहिल्या रांगेत मान खाली घालून बसला होता. एकाने माझं नाव घेतलं, या बाईचं ऐकलं असतं तर. टाळ्या पडल्या.

मी उभी राहिले तेव्हा लोकांना वाटलं टाळ्यांसाठी राहिले. म्हणून आणखी वाजवल्या. त्या थांबायची वाट बघावी लागली.

मी म्हटलं, "माझं ऐकलं असतं म्हणताय, पण मी सांगितलंच नव्हतं. प्रुइटबाईंनी फोनवर विचारलं होतं. मला दिसत होतं पट्टा येणार. मी माझी बस भरून घेतली आणि गप्प बसले. तो तोंडावर पडावा म्हणून."

प्रुइटबाई माझ्याकडे बघत होत्या, त्यांना तो फोन आठवत असणार. ट्रूडीची आई मागे उभी होती. ती बाहेर निघून गेली. दाराचा आवाज झाला तेवढाच.

मंडळाने फेनला ठेवलं. सभा संपल्यावर सगळे त्याच्याभोवती जमले, पाठीवर थापा मारत होते, डॉट तर रडत होती. मी खुर्च्या घडी करून भिंतीला लावत होते. आणि इथे खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहिते. त्या वेळीही माझ्या पोटात जळलं. म्हटलं, बघा, शेवटी सगळे त्याच्याकडेच गेले.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

मला बस नाही. या वर्षापुरती नाही, पुढचं उन्हाळ्यात बघू, प्रुइटबाई म्हणाल्या. गराजात फोन उचलायचे. नऊ नंबर जोली चालवते.

ट्रूडीच्या घरी गेले होते. तिच्या आईने दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही. मी तिथेच उभं राहून माफी मागितली. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "तिने तुम्हाला विचारलं होतं, नॅडीनबाई." मग दार लावलं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

आता पहाटे फोन येत नाही. मी तरी पावणेपाचला उठते.

आज दुपारी भांडी घासताना धूर दफनभूमीवरून निघाला तो तासाभरात शाळेवर. रेडिओवाले म्हणतात दक्षिणेला. मी हात पुसले आणि फेनला फोन लावला. पान त्याने पुन्हा सुरू केलंय, लोकांनीच आग्रह केला. चारदा वाजल्यावर उचलला.

मी म्हटलं, नॅडीन बोलतेय. कारखान्याच्या धुराचं सगळं सांगितलं, दफनभूमी, शाळा, टाकी, तास किती ते. तो लिहून घेत असावा. गुडघ्याचं खोडून टाक म्हटलं. तो हसला नाही.

"यंत्र तीस म्हणतंय," तो म्हणाला.

"मग तीस घाल आणि पोरांना बोलव."

तो म्हणाला, "शंभर घालतो. प्रुइटबाईंनाही आत्ताच कळवतो." आणि विचारलं, "खाली तुमचं नाव देऊ?"

मी म्हटलं, "अजिबात नको."

गुरुवार, २७ फेब्रुवारी

शाळा बंद. साडेनऊला पट्टा आला. समोरची टपालपेटी दिसत नाहीये. प्लँक रोडवर एकही बस नाही, जोली घरी, ट्रूडी घरी.

ड्वेनकडून फोन मागून घेतला आणि ते पान पहिल्यांदाच उघडलं. मोठ्या अक्षरात शंभर. खाली गावातल्या माणसांनी लिहिलेलं, फेनसर तुमच्यामुळे, फेनसर धन्यवाद, फेनसर देवमाणूस. चाळीस-पन्नास असतील.

माझं नाव कुठेच नाही. मीच नको म्हटलं होतं. तरी पान तीनदा खालपर्यंत बघून आले.